'आत्ताच जेवून आलो' म्हणणाऱ्या भास्करला

भास्करा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. प्रिय आहेसच, पण आज तो शब्द लिहायला हात तयार नाही. तुला जाऊन दोन महिने होत आले. दुःख तेव्हापासूनचं आहे. राग मात्र परवापासूनचा आहे, तो उतरायचं नाव घेत नाही. बोलून मोकळं व्हावं तर तू नाहीस. म्हणून लिहितो.

परवा नंदा वहिनी वर्कशॉपवर आल्या. तेरवीनंतर पहिल्यांदाच. मी पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा सांगितला. त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, कपाटात साड्यांच्या खाली सापडली. चार वर्षं लिहून राह्यले होते, मले पत्ता नाही. तुम्ही वाचा. अर्ध्या पानांवर तुमचंच नाव हाय."

वहीवर तुझ्या अक्षरात एकच शब्द होता. 'पोट'.

पहिल्या पानावर बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आजाराचं नाव. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. पुढे कंसात तू लिहिलंस, 'म्हणजे आतड्याचा चिडकेपणा. जीव जात नाही. बरा पूर्ण होत नाही. सांभाळावा लागतो.' आणि त्याच्या खाली, दोनदा रेघ मारून, 'सुख्याले सांगायचं नाही.'

काऊन बे? काऊन सांगायचं नाही?

खामगावात लोक म्हणतात, सुखदेवचा कान म्हणजे यंत्र आहे. कापसाच्या जिनिंगच्या फाटकाबाहेर उभा राहून मी सांगतो, आतल्या कोणत्या मोटरची बेअरिंग गेली. त्याच कानावर मी धंदा उभा केला. शाळेत दहावीही धड झाली नाही, पण आवाज ऐकून शिकलो. आणि माझ्यापासून चार हातांवर बसणाऱ्या माणसाचं पोट इतकी वर्षं ओरडत होतं, ते मला ऐकू आलं नाही! तू येऊ दिलं नाहीस. चोर कुठला!

आपली सुरुवात आठव. पिंपळगाव राजात आपण कधी एका ओट्यावर बसलो नव्हतो. तू पाटलाच्या आळीतला, मी बौद्धवाड्यातला. खामगावात जिनिंगला ऑईलमन म्हणून लागलो आणि एका डब्यात जेवायला लागलो. माझ्या आईच्या ठेच्यावर तू झडप घालायचास. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तू म्हणायचास, "सुख्या, तुह्या मायच्या हाताले काय चव हाय बे!" मी हे घरी जाऊन सांगितलं तेव्हा आई चुलीपुढे कितीतरी वेळ हसत होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात भाकरी दोन जास्त. कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग मी जळालेल्या मोटरची तार नव्याने भरायचं शिकलो, स्वतःचं दुकान टाकलं, तू माझ्यासोबत आलास. गिऱ्हाईक तुझ्या बोलण्यावर यायचं, माझ्या कामावर टिकायचं. एका पावसाळ्यात एका तेलमिलच्या कामावर आपण तिथल्या टाकीचं पाणी प्यायलो. दोघांनाही हगवण लागली. चार दिवस अंथरुणात. मी उठलो. तूही उठलास, असं मला वाटलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझं घर झालं.

माझं घर, भास्करा! माझा बाप दुसऱ्याच्या वाड्याच्या भिंती लिंपत गेला, त्याच्या पोराचं सिमेंटचं घर. सकाळी बुद्धवंदना झाली, दुपारी पंगत. गवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. तू पहाटेपासून राबलास. पाण्याचे ड्रम तू भरलेस, वाढपी तू झालास. शेवटी मी तुझा हात धरला, "चल, आता आपण दोघं बसू." तू हात सोडवून घेतलास. म्हणालास, "आत्ताच जेवून आलो बे."

कुठून जेवून आलास? पहाटेपासून माझ्या अंगणात होतास तू!

आणि नेमका तुझ्या शेजारी तुझा चुलता उभा होता. गावाहून आलेला, पांढरीशुभ्र टोपी. त्यालाही मी हात जोडले. तोही म्हणाला, "आत्ताच जेवून आलो." पाण्याचा गिलास पुढे केला, तर म्हणाला, तहान नाही. ऑक्टोबरच्या उन्हात माणसाला तहान नाही!

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. माझ्या बापाने ते ऐकलं, आजाने तर त्याहून वाईट ऐकलं. एकाच ओळीत उभे राहून काका-पुतण्यांनी एकच वाक्य म्हटलं, मग मी काय समजायचं होतं? आई मागून हळूच म्हणाली, "सुखा, जाऊ दे. डब्यात खाणं येगळं न् घरात बसून खाणं येगळं." तिने तो तुझ्या वाट्याचा रोडगा परातीत परत ठेवला. ती गेली तेव्हाही हेच धरून गेली. तिला मी आता कुठे सांगायला जाऊ की तो पोरगा तसा नव्हता?

खरा राग इथे आहे. तुझ्या चुलत्याचं कारण खरोखर जातच होती. तुझ्याबाबत मी चुकलो म्हणून तो सुटत नाही. त्याच्यासारखे अजून आहेत, गोड बोलून पाणी टाळतात. तुला त्यांच्या रांगेत उभं राहणं चाललं! सुखदेव आपल्याला जात पाळणारा समजतो, समजू दे, पण आपलं पोट बिघडतं हे त्याला कळू नये. एवढी लाज? गांडीची लाज मैत्रीपेक्षा मोठी?

लिहिताना तुझी शीला वहिनी मागून वाचत होती. म्हणाली, "असा शब्द लिवता का मेलेल्या माणसाले?" मी म्हटलं, हाच शब्द वीस वर्षं कोणी तोंडातून काढला नाही, म्हणून तर हे झालं.

मग मीही हट्टाला पेटलो. दिवाळीला वहिनी फराळ पाठवायच्या, मी तो डबा तसाच कामगारांत वाटायचो. तुझ्या घरी कितीदा आलो, उंबऱ्याशी उभा राहूनच बोललो. वहिनी म्हणायच्या, "बसा, भाकर टाकते." मी काय म्हणायचो, माहीत आहे तुला. तेच तुझं वाक्य, तुझ्याच चालीत. तुला ते कळत होतं. वहीत लिहिलंयस, 'सुख्या आजही जेवला नाही. बरोबर करून राह्यला तो. मीच सुरुवात केली.'

अबे, मग तोंड उघडायचं होतं ना!

काल मी वहिनींना गाडीत घेऊन बुलढाण्याला गेलो. त्या डॉक्टरीणबाईंशी भांडायला, खरं सांगतो. बोथ्याचा घाट चढताना एकेक जागा दिसायला लागली. आपण मोटरसायकलवर कामाला जायचो तेव्हा तू मागून पाठ थोपटायचास, "थांबव थांबव, फोन आला." माझा कान असा, मला माहीत की फोन वाजलेला नाही. मला वाटायचं, हा दुसऱ्या दुकानवाल्याशी गुपचूप बोलतो. काल पाहिलं. जिथे जिथे तू फोन घ्यायचास तिथे एक तर पेट्रोलपंप आहे, नाही तर हॉटेलमागे पत्र्याचा आडोसा, नाही तर दाट झुडूप. एकही जागा चुकली नाही. मी हसायला लागलो. वहिनींनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्याही हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण ठाम. वहिनींकडे बघून, त्यांना विचारून मगच बोलल्या. मी म्हटलं, "मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल, दुर्बीण टाकली तरी नॉर्मल. मग माणसाला दुखत काय होतं?" त्या म्हणाल्या, "आतड्याला जखम नसते, सूज नसते. पण त्याची हालचाल बिघडते, आणि त्याच्या नसा फार हळव्या होतात. तुम्हाला-मला जेवणानंतर कळतही नाही ते यांना कळ म्हणून जाणवतं. कधी जुलाब, कधी चार दिवस काहीच नाही. पोट फुगतं. जाऊन आलं की थोडं बरं, मग पुन्हा."

मला चटकन कळलं, भास्करा. आपल्याकडे अशी मोटर येते ना? उघडली तर वाइंडिंग ठीक, बेअरिंग ठीक, शाफ्ट सरळ. आणि लावली की बंद पडते. मग आपण स्टार्टर बघतो, तर ओव्हरलोडचा रिले कोणी तरी फार नाजूक लावून ठेवलेला. साध्या वजनालाही ट्रिप होऊन मोटर बंद पाडतो. ती मोटर नाटक करते, असं मी कधी गिऱ्हाईकाला म्हटलं का?

आणि तुला सगळ्यांनी तेच म्हटलं. वहिनींनी रस्ताभर यादी सांगितली. एकाने बेंबी सरकली म्हणून पोट चोळून दिलं. एकाने करणी सांगितली. एकाने जंताचं औषध तीनदा दिलं. एका डॉक्टरने रिपोर्ट टेबलावर आपटून म्हटलं, "तुम्हाला काही झालेलं नाही, डोक्यातून काढून टाका." तुझी स्वतःची मावशी म्हणाली, "कामाच्या वक्ताले बरं दुखते!" शुगर झाली की माणूस मानाने सांगतो, चहा बिनसाखरेचा आणा. बीपीवाल्याला लोक खुर्ची देतात. पोट बिघडतं म्हटलं की पंगतभर हशा! मी काही वेगळा नव्हतो. वर्कशॉपच्या मागच्या संडासाची किल्ली तू सदा कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवायचास, तेव्हा 'भास्करभाऊची तिजोरी' हे नाव कोणी पाडलं? मी. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? तू. काय हसायचास बे! त्या हसण्यातही मला काही ऐकू आलं नाही.

मी बाईंना विचारलं, हे सुरू कशाने झालं? त्या म्हणाल्या, "ठाम नाही सांगता येत. पण मोठी हगवण होऊन गेल्यावर काहींना हे मागे राहतं. जंतू जातात, आतडं मात्र पहिल्यासारखं होत नाही."

म्हणजे ती टाकी. एकाच गिलासाने प्यायलो होतो आपण. मला चार दिवस, तुला आयुष्यभर.

आता प्रियाचं लग्न. हे लिहायचं टाळत होतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न, आणि मंचावरून मी पाहिलं, पहिली पंगत बसत होती आणि तू फाटकातून गाडी काढून निघून गेलास. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवर सगळ्यांपुढे मी म्हणालो, "काय भास्करराव पाटील, आमच्या पंगतीची सावली पडली असती काय तुमच्यावर?"

तुझा चेहरा पांढरा पडला. "नाही बे सुख्या. तसं नाही."

"मग कसं हाय? सांग ना! आज सांगच."

तू तोंड उघडलंस. मला अजून ते दिसतं. आणि मग पोटावर हात दाबून तू "आलोच" म्हणत मागे निघून गेलास. पाऊण तास आला नाहीस. मी कामगारांना म्हटलं, "पाहा, पळाला. उत्तर असतं तर पळाला असता का?"

त्या दिवशीचं वहीत आहे. आधी लग्नाचं: 'आदल्या दिवसापासून उपाशी राहिलो, म्हणजे काही होणार नाही. तरी कळ आली. मंडपामागे एकच संडास, पुढे पंधरा माणसं. गाडी काढून स्टँडजवळच्या लॉजवर गेलो. परत आलो तर पंगत उठलेली. सुख्याने पाहिलं.' आणि खाली दुसऱ्या दिवसाचं: 'सांगणार होतो. पोटानं सांगू दिलं नाही.'

मग वर्षभर आपण कामापुरतं बोललो. कोणती मोटर, कोणाची मोटर, कधी द्यायची. एका शनिवारी तू लिहिलंस, 'वेगळं काहीच खाल्लं नाही. तरी चारदा. सुख्या सकाळपासून बोलला नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, मनाला लागलं तरी होतं. याचा अर्थ मनाचा खेळ आहे असा नाही, पोट न् डोकं एकाच तारेवर असतात.' भास्करा, वांगं नाही, दूध नाही, तुरीचं वरण नाही. त्या दिवशी तुला मी बाधलो!

आणि ती शेवटची सकाळ. छातीच्या खाली दुखलं, घाम फुटला, तू वहिनींना म्हणालास, "नेहमीचंच हाय, ओवा दे." दोन तास ओवा चावत बसलास. हृदय होतं ते! डॉक्टरीणबाईंनी तुला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वहीच्या दुसऱ्या पानावर तुझ्याच हातचं आहे: 'रक्त पडलं, वजन उतरलं, ताप आला, झोपेतून उठवणारं दुखणं आलं, किंवा कोणतंही नवं दुखणं आलं तर नेहमीचं समजायचं नाही. लगेच यायचं.' लिहून ठेवलंस आणि साड्यांखाली दडवलंस. ती वही भिंतीला टांगली असती तर वहिनींनी वाचली असती. मला सांगितलं असतं तर मी तुला उचलून गाडीत घातलं असतं. निघताना मी बाईंना विचारलं, "या पोटाच्या आजारानं माणूस मरत नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही. लपवल्यानं मरू शकतो."

घरी येऊन मी शेवटची पानं वाचली. ती वाचली नसती तर हे पत्र फक्त शिव्यांचं झालं असतं.

बाईंनी तुला सांगितलं होतं, एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघा, सुटीच्या दिवशी, घरी. तुम्हाला काय चालतं ते तुम्हालाच कळेल, दुसऱ्याचं पोट तुमच्या कामाचं नाही. आणि तू काय खाऊन बघितलंस?

'रविवार. रोडगा अर्धा. नाही जमलं.'

'रविवार. रोडगा चतकोर. नाही.'

'रविवार. वांगं, बिया काढून, लसूण-कांदा नाही, तेल कमी. अर्धी वाटी. ठीक.'

'पुन्हा वांगं. ठीक.'

'ज्वारीची भाकर न् ते वांगं, लोकांत बसून खायचं म्हणून साळ्याच्या घरी खाल्लं. ठीक!'

पाच रविवार माझ्या घरच्या पंगतीची तालीम केलीस तू. शेवटच्या ओळीत: 'प्रियाच्या बाळाच्या नामकरणाले सुख्याच्या घरी बसायचं. काही झालं तरी बसायचं. शीला वयनीले आधी सांगून ठेवायचं, लसूण नको म्हणून. सुख्याले कसं सांगू?'

असं सांगायचं होतं बे, जसं वहीत लिहिलं तसं! पाच शब्द पुरले असते. "सुख्या, माहं पोट खराब हाय." मी आधी तुला हसलो असतो, तेही खरं. मग तुझ्यासाठी वेगळं पातेलं चढवलं असतं, तेही तितकंच खरं.

प्रियाला मुलगी झाली. येत्या रविवारी नामकरण आहे. शीलाने आचाऱ्याला बजावलंय, एक पातेलं बिया काढलेल्या वांग्याचं, लसूण-कांद्याविना, आणि सोबत ज्वारीच्या भाकरी. कोणासाठी, असं त्याने विचारलं. शीला म्हणाली, "ज्याले लागते त्याच्यासाठी. नाव नको विचारू." मंडपामागे चार संडास सांगितलेत, आतून कडी लागणारे. वर्कशॉपच्या मागचं कुलूप आज सकाळी मी स्वतः हातोडीनं तोडलं. कामगार बघत उभे होते. एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "तिजोरी फोडली मालकानं." कोणी हसलं नाही. मग मीच त्यांना सांगितलं, त्या किल्लीचं काय होतं ते. सगळं, त्या दिवशी मी काय बोललो त्यासकट. ऐकून आपला म्हातारा वाइंडर पुढे आला आणि म्हणाला, "मालक, मलेही तसंच होते. दहा वर्षं झाली." दहा वर्षं, भास्करा! त्याच छपराखाली, तुझ्या शेजारच्या बाकावर! सोमवारी त्याला बुलढाण्याला नेतो आहे.

आता शब्द देतो. यापुढे माझ्या दारात कोणी 'आत्ताच जेवून आलो' म्हणालं, तर मी कान टवकारून त्याची जात ऐकणार नाही, आणि ताटावर ओढूनही बसवणार नाही. बाजूला घेऊन विचारीन. तुझ्या चुलत्यासारखा निघाला तर त्याला तिथेच चार शब्द सुनावीन. तुझ्यासारखा निघाला तर पातेलं तयार असेल.

दुसरा शब्द उद्याचा आहे. उद्या दुपारी मी तुझ्या घरी जाणार. उंबऱ्याशी थांबणार नाही. चपला काढून आत जाईन, तू जिथे बसायचास तिथे भिंतीला टेकून बसेन. वहिनी विचारतील, "भाऊजी, जेवून आलात?" आणि इतक्या वर्षांनी मी खरं सांगेन.

"नाही वहिनी. उपाशी आलो. वाढा."

राग अजून गेलेला नाही.

तुझाच,
सुख्या